सोयाबीनच्या मूळकूज-खोडकुजीवर व्हिटावॅक्स पावर : कुठं चालतं, कुठं नाही

उगवण मस्त होते, रान हिरवंगार दिसतं, अन् मग दोन-तीन आठवड्यांनी तासातली म्हणजे ओळीतली झाडं मधूनमधून पिवळी पडून माना टाकायला लागतात, हे आपल्या लातूर-हिंगोली पट्ट्यात दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या रानात असतंच. त्यासाठी मी बीजप्रक्रियेला, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला लावायला, धानुका कंपनीचं व्हिटावॅक्स पावर हे बुरशीनाशक वापरतो, आत कार्बोक्सिन ३७.५ टक्के आणि थायरम ३७.५ टक्के आहे. कार्बोक्सिन रोपात भिनतं, थायरम बियाच्या वरून राखण करतं, म्हणून नुसत्या एका औषधापेक्षा हे मला जास्त पटतं.

प्रमाण किलोला ३ ग्रॅम. एकराला २५ ते ३० किलो बियाणं धरलं तर ७५ ते ९० ग्रॅम पावडर लागते, म्हणजे बियाण्याच्या बॅगेपुढं हा खर्च काहीच नाही, दुबार पेरणीचं तर नावच नको.

रिझल्ट म्हणाल तर मागच्या खरिपात काही तासं मुद्दाम बिनप्रक्रियेची ठेवली होती, घरचंच बियाणं, रानही तेच. पाऊस लागून बसला तेव्हा त्या तासांत मर दिसायला लागली, झाड उपटलं की जमिनीलगत खोडावर कापसासारखी पांढरी बुरशी अन् तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. बाजूच्या प्रक्रिया केलेल्या तासांत तुरळक झाडं गेली, पण खाडे पडले नाहीत. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे, पैसे वसूल.

पण हेही सांगतो की हे औषध रोपावस्थेपुरतं आहे. शेंगा भरताना पावसाचा ताण पडला, ऊन तापलं की झाडं अचानक वाळतात, पानं वाळून झाडालाच लटकत राहतात, बुडाशी साल सोलली तर आत कोळशाची भुकटी शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात, ती चारकोल रॉट. तिथं जूनमधली बीजप्रक्रिया पुरत नाही आणि तेव्हा वरून बुरशीनाशक मारूनही वाळलेलं झाड उठत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानदारानं मला ऐन शेंगा भरताना महागडी फवारणी गळ्यात मारली होती, काहीच फरक पडला नाही, अन् असं विकताना निदान खोड चिरून तरी बघावं ना राव, शेतकऱ्याचा पैसा आहे तो. खोड उभं चिरलं अन् आत लालसर नागमोडी पोकळी, अळी दिसली तर ती खोडमाशी असते, तिथं बुरशीनाशकाचा काय उपयोग.

चारकोल रॉटला खरा इलाज रानाचाच. फुलं-शेंगांच्या टायमाला पाणी असेल तर एक संरक्षित पाणी द्या, पेरा दाट करू नका, बीबीएफवर म्हणजे रुंद वरंबा सरीवर पेरलं तर जास्तीचं पाणी निघून जातं अन् उघडीप पडली तरी ओल टिकते. फेरपालट करताना बघा, रब्बी ज्वारीतला खडखड्या रोग चारकोल रॉटच्याच बुरशीनं होतो, आणि ती पांढरी बुरशी हरभऱ्यावरही मर आणते, त्यामुळे सोयाबीनवर हरभरा, हरभऱ्यावर परत सोयाबीन असं चालूच ठेवलं की रोग रानात मुक्कामालाच राहतो. मी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतात मुरवून ओलीत टाकतो, त्याच बियाण्यावर नाही चोळत, कारण रासायनिक बुरशीनाशकाबरोबर ती जिवंत बुरशी टिकेल याचा भरवसा नाही.

वापरताना सोयाबीनची साल लय नाजूक असते हे डोक्यात ठेवा. पाणी अगदी बेतानं, पातळ लगदा करून ताडपत्रीवर हलक्या हातानं खालीवर करायचं, सगळीकडं सारखा रंग आला की सावलीत वाळवायचं, चोळाचोळी केली की साल सुटते अन् उगवण जाते. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी आणणारं जिवाणू खत लावायचं तर हे वाळल्यावर, पेरणीच्या तोंडावर, सगळ्यात शेवटी. बाजारातून आणलेल्या बॅगेवर आधीच प्रक्रिया केलेली असेल तर लेबल वाचा, परत लावू नका.

पाचपैकी चार देईन, एक कापला तो पावडर फार उडते म्हणून, हातमोजे अन् तोंडाला मास्क पाहिजेच. आणि थायरम हाताळल्यावर दारूला अजिबात शिवायचं नाही, अंगावर येतं, गड्यांना हे आधीच सांगून ठेवा. उरलेलं बियाणं जनावरांच्या, कोंबड्यांच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा, डाळमिल-आडतीला तर चुकूनही जाऊ देऊ नका.