मे महिन्यात पाच वाजता बंद होणारं वॉटर पार्क

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई सुरतेहून माहेरी आली की तिच्या दोन्ही पोरांना वॉटर पार्कला नेणं हे माझं ठरलेलं काम. चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. आमच्या अमळनेरपासून गाडीने तासाभरावर हे पार्क आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे उन्हाळाभर राबणारी पोरं आजूबाजूच्याच खेड्यांतली आहेत आणि चूक त्यांची नाही.

मंगळवारी आम्ही पाच जण गेलो. मी, ताई, १४ आणि ११ वर्षांचे भाचे, आणि माझी ९ वर्षांची मुलगी. मोबाइलवर वेळ बघूनच निघालो होतो, सकाळी १० ते संध्याकाळी साडेसात. सव्वादहाला पोचलो तर गेटला कुलूप आणि शेजारी खडूने लिहिलेली पाटी: सोम ते शुक्र ११ ते ५. पाऊण तास गाडीत बसून काढला. तिकीटखिडकी उघडल्यावर विचारलं, तर तिकीट देणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, मागच्या महिन्यापासून हाच टाइम आहे. खर्च परवडत नाही म्हणतात मालक." मग तिकीट किती उतरलं? काहीच नाही. मोठ्यांना ७००, साडेचार फुटांखालच्या मुलांना ५००. थोरला भाचा मोठ्यांत धरला गेला, म्हणजे एकूण ३१००, १८ टक्के जीएसटी धरून. ताई पाण्यात उतरत नाही, सावलीत पिशव्या सांभाळत बसते, तिचेही ७००. साडेनऊ तासांचे सहा तास झाले आणि भाव तोच राहिला. हे आधी कळवायला हवं होतं. फोनवर, फलकावर, कुठेही.

जे चांगलं आहे तेही सांगतो, कारण ते मनापासून चांगलं आहे. पाणी स्वच्छ होतं, तळाच्या फरशीच्या रेघा दिसत होत्या. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या धुतलेल्या, असं ताईने सांगितलं. शेवभाजीला आपल्याकडची खरी तर्री होती, भाकरी गरम होती. आणि लाइफगार्डची पोरं जागी असतात. घसरगुंडीच्या शेवटी माझ्या मुलीची ट्यूब उलटली, तर मी पाण्यात पाय टाकायच्या आत तिथल्या पोराने तिला काखेत धरून उभं केलं होतं. वर तिला म्हणाला, "घाबरू नको बाई, तोंड पूस." त्या पोराला मी शंभर टक्के गुण देतो.

पण मे महिन्यातले ११ ते ५ म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. पारा ४४ च्या पुढे. त्या वेळात आपण बाजाराला जात नाही, लग्नाची पंगतसुद्धा घाईने उरकतो. उंच घसरगुंडीचा जिना लोखंडी आहे, तीन मजले, वर छप्पर नाही. पायऱ्यांवर काथ्याच्या चटया टाकल्यात, एक माणूस नळी घेऊन त्या भिजवत फिरतो, पण तो खाली पोचेपर्यंत वरच्या वाळलेल्या. धाकटा भाचा टाचांवर चालत चढला. वर रांग, कारण आता सगळ्या घसरगुंड्या एका वेळी चालू नसतात. एक तास डावीकडच्या, एक तास उजवीकडच्या. वेव्ह पूलमध्ये पूर्वी दर तासाला लाटा यायच्या, त्या आता दिवसातून दोनदा, एक वाजता आणि साडेतीनला. एकच्या लाटा आमच्या जेवणात गेल्या.

चार वाजून वीस मिनिटांनी शिट्टी झाली. पाच म्हणजे गेटबाहेर पाच, पाण्यातून चाळीस मिनिटं आधीच काढतात. तेव्हा थोरला भाचा तिसऱ्या मजल्यावर होता, त्याच्या पुढे चार पोरं. मी खाली उभा राहून बघत होतो आणि पंप बंद झाल्याचं मला आधी कानाला कळलं. बावीस वर्षं विजेच्या मोटारींचं वायंडिंग भरतोय, मोटार थांबताना आवाज कसा खाली खाली उतरत जातो ते अंगात मुरलंय. वरून शेवटचं पाणी पन्हळीतून घसरत आलं, माझ्यासमोर तलावात पडलं, आणि निळा फायबर ठिकठिकाणी वाळायला लागला. दोन मिनिटांत पार कोरडा. भाचा त्या तापलेल्या जिन्याने पायी उतरून आला. "मामा, तीनच झाल्या," एवढंच म्हणाला. चौदा वर्षांचा आहे, रडणार नाही. पण मला फार लागलं ते.

निघताना पंपघराकडे गेलो, ती माझी सवयच. तिथला ऑपरेटर आयटीआय झालेला, पारोळ्याकडचा. त्याने सगळं नीट दाखवलं. मोठ्या घसरगुंडीला २० एचपीचा (अश्वशक्तीचा) पंप. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पूर्ण भारावर तो एकटा ताशी १५ युनिट खातो, आणि असे बरेच पंप आहेत. मोठ्या वीजजोडणीला संध्याकाळच्या तासांचा दर चढा, दुपारच्या सौर वेळेत सवलत. शिवाय दहा ते साडेसात चालवायचं तर माणसांच्या दोन पाळ्या लागतात, अकरा ते पाच एका पाळीत भागतं. दुसऱ्या पाळीतली पोरं घरी बसवलीत. तेव्हा मालकांना खर्चाची अडचण खरीच आहे, हे मी मान्य करतो. पण बचत वाटते तेवढी नाही. घसरगुंडीचे पंप थांबवले तरी गाळणीचे थांबवता येत नाहीत, नाहीतर या उन्हात दोन-चार दिवसांत पाणी हिरवं पडेल. आणि एका पंपाच्या बेअरिंगचा आवाज चांगला नव्हता, तेही मी त्याला सांगून आलो. घासणारं बेअरिंग बदलायला किती लागतात आणि मोटार जळाली की किती लागतात, हा हिशेब आधी करावा.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. यांनी नेमके ते तास कापलेत ज्यांच्यासाठी इथला माणूस पैसे मोजतो. पूर्वी इथे चार वाजल्यापासूनचं वेगळं तिकीट होतं, ४०० रुपयांचं. दुकानांत कामाला असणारी, बाजार समितीत हमाली करणारी, केळीच्या मळ्यातून येणारी माणसं दिवसाचं काम उरकून बायको-पोरांना मोटरसायकलवर बसवून यायची. साडेपाचनंतर वारा थंड व्हायचा आणि पार्क तेव्हाच खरं भरायचं. ते तिकीटच आता बंद झालं. मंगळवारी मी पार्किंगमध्ये गाड्या मोजल्या, ३१. मग गर्दी नाही म्हणून उद्या अजून एक तास कमी करणार का?

आमच्याकडे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. आकाशपाळणेवाले तिथे डिझेल जाळून पाळणे फिरवतात, त्यांना खर्च काय कमी असतो? पण भर दुपारी ते पाळण्याखाली आडवे होतात, आणि ऊन कललं की सुरू करतात ते रात्री उशिरापर्यंत. मालकांनी वीजबिल बघताना एक दिवस त्या वाळवंटातही येऊन बसावं. सहाच तास चालवायचं असेल तर ३ ते ९ चालवा. संध्याकाळच्या विजेपोटी तिकिटाला ५० रुपये चढवा, मी आनंदाने देईन. सोमवार-मंगळवार पूर्ण बंद ठेवा आणि बाकी दिवस पूर्ण वेळ द्या, तेही चालेल. हे सगळं मी तिथल्या अभिप्राय वहीत तारीख आणि फोन नंबरासकट लिहून आलोय.

पाचपैकी अडीच गुण. जायचंच असेल तर अकराला गेट उघडताच आत शिरा, उंच घसरगुंडी आधी उरका, एकच्या लाटा होईपर्यंत जेवायला बसू नका, आणि ओली चप्पल जिन्यावर घालू देतात का ते विचारून घ्या.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात पाणी मारत होती. "काय व्हयनं, इतला लवकर उनात?" म्हणजे काय झालं, इतक्या लवकर आलात? धाकट्याने तिला सगळं सांगितलं. रविवारी सहापर्यंत चालू असतं, असं गेटवरचा माणूस म्हणाला होता. ताईची सुरतेची गाडी शनिवारी होती.