सीताबर्डीत मिळणारी युद्धकाळातली टोकनं: घेताना काय बघावं

नागपूरच्या सीताबर्डीतल्या बोळातल्या या जुन्या नाण्यांच्या दुकानात अमेरिकी यादवी युद्धातली व्यापारी टोकनं मिळतात, आणि माल बहुतेक चांगला आहे. 1862 मध्ये लोकांनी सुटी नाणी दडवून ठेवली, तेव्हा तिथल्या दुकानदारांनी स्वतःच्या नावाचे तांब्याचे तुकडे पाडून घेतले. आकार सेंटएवढाच, साधारण 19 मिलिमीटर. 1864 मध्ये कायद्याने ते बंद झाले. सरकारी सेंटही त्याच वर्षी कांस्याचा झाला, हे विशेष.

टोकन हातात आलं की आधी कड बघा. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची बारीक रेघ असते, अक्षरांच्या बुडाशी बुडबुड्यांचे खड्डे. ठोकून पाडलेल्या अस्सल टोकनावर अक्षरं धारदार उठतात. लोहचुंबक सोबत न्याच, पण पितळेची नक्कलही त्याला चिकटत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

खटकतं ते एकच. टोकनं मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवली आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात हे प्लास्टिक लवकर चिकट होतं आणि तांब्यावर हिरवा थर धरतो. घरी आणल्याबरोबर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, न घासता वाळू द्या, मग मायलारच्या, म्हणजे पॉलिस्टर प्लास्टिकच्या, पाकिटात ठेवा. ॲसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा गॅसपासून लांब. चिंच-मीठ लावून तर मुळीच चकाकवू नका, किंमत उतरते.

शेजारच्या डब्यातला 1943 चा आपला भोकाचा पैसाही बघून या. धातू वाचवण्यासाठीच ते भोक होतं.