गळ्यातली गाठ, आरएफए आणि आईची ठुशी: आठ महिन्यांनंतर

गळ्यातल्या थायरॉईडच्या गाठीवर मी आठ महिन्यांपूर्वी आरएफए करून घेतलं, म्हणजे गाठीत सुई घालून ती उष्णतेनं आतून जाळणं. गाठ गेली का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. नाही गेली. सहा मिलीलिटरची अजून आहे, आणि तरी मी खूश आहे. हे नीट सांगायला बसलेय, कारण मी शोधत होते तेव्हा मला सापडलं ते एकतर ‘चमत्कार’ नाहीतर ‘त्या भानगडीत पडू नका’.

मी ४६ वर्षांची, कोल्हापुरात हायस्कूलला मराठी शिकवते. दिवसभर घसा चालू. गाठ पहिल्यांदा दिसली ती भाचीच्या लग्नाच्या फोटोत. आईची ठुशी घातली होती आणि तिच्या वर उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढी आवळून कशाला बांधलीस?” आवळली नव्हती. दोरा नेहमीच्याच जागी होता. मग एकेक आठवायला लागलं. वर्षभर मी भाकरीचा घास पाण्याबरोबर उतरवत होते, आणि उताणं झोपलं की गळ्यावर कुणीतरी बोट ठेवल्यासारखं वाटायचं.

थायरॉईडची रक्ततपासणी केली. टीएसएच २.१, म्हणजे नॉर्मल. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. थायरॉईड कमी-जास्त असणं वेगळं आणि ग्रंथीत गाठ असणं वेगळं. माझी ग्रंथी कामाला चोख होती, नुसती अंगानं वाढली होती. शेजारच्या काकूंनी कोबी-फ्लॉवर बंद करायला लावलं. महिनाभर केलंही. गाठीला त्याचं काही नव्हतं.

सोनोग्राफीत माप आलं ४.२ × २.८ × २.६ सेंमी. तिन्ही आकडे एकमेकांना गुणायचे आणि वर ०.५२ ने गुणायचं, की गाठ किती मिलीलिटरची ते कळतं. माझी जवळपास १६. हा गुणाकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं पेशी काढून तपासणं. पहिल्यांदा रिपोर्ट आला ‘पेशी अपुऱ्या’, म्हणजे या रिपोर्टांच्या बेथेस्डा नावाच्या श्रेणीत १. दुसऱ्यांदा बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ. एवढ्यावर सुटले असं वाटलं, तर आरएफए करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांनी आणखी एक मागितली. आरएफएच्या आधी सहसा दोन वेगवेगळे ‘साधी’ असे रिपोर्ट हातात लागतात. तिसऱ्या सुईला मी चिडले होते. आता वाटतं, कुठे घाई करू नये तर इथेच. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ नंतर अख्खी लॅबमध्ये तपासता येते. जाळलेली गाठ तशी अख्खी तपासायला मिळत नाही. रिपोर्ट बेथेस्डा ३ किंवा ४ आला असेल तर त्याचा विचार वेगळा असतो. आणि गाठीत नुसतं पाणी असेल तर ते काढून आत अल्कोहोल सोडण्याचा साधा, स्वस्त उपाय आहे.

आमच्या इथल्या सर्जननी अर्धी ग्रंथी काढायला सांगितली होती. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काढली की विषय संपतो. पण अर्धी काढल्यावर साधारण पाचातल्या एकाला पुढे गोळी लागते, पूर्ण भूल लागते, गळ्यावर व्रण राहतो. आवाजाच्या नसेची भीती दोन्हीकडे आहे, आरएफएत कमी. माझ्यासारखीला हा मुद्दा मोठा होता.

कोल्हापुरात चौकशी चालू असतानाच पुण्याची तारीख मिळाली, नोव्हेंबरातली. (तारीख पावसाळ्यात घेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरला लागून शिरोलीजवळ पुण्याचा महामार्गच पाण्याखाली होता.) रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधी सांगा. केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या गोळ्याही सांगा, त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकतात.

प्रत्यक्ष काम चाळीसेक मिनिटांचं. दोन्ही मांड्यांना पॅड चिकटवले, गळ्याला बधिर करणारं इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शनची आग हाच सगळ्यात वाईट भाग. मग गळ्याच्या मधून सुई उजवीकडे गाठीत. ही सुई आतून थंड पाण्यानं गार ठेवलेली असते आणि तापतं फक्त तिचं टोक. गाठ एकदम जाळत नाहीत. खालच्या थरापासून सुरुवात करून टोक थोडं थोडं मागे सरकवत वर येतात. मला सोनोग्राफीचा स्क्रीन दिसत होता: टोक तापलं की काळ्या गाठीत पांढरा ढग उठायचा. मध्येच ‘टक्’ असा आवाज, माझ्याच गळ्यातून. कळ गळ्यात नाही, कानात आणि दाढेत आली. हात वर केला की ते थांबायचे. दर थोड्या वेळानं डॉक्टर म्हणायचे, “मॅडम, बाराचा पाढा म्हणा.” आवाज बदलतोय का हे पाहायला. बारा साते चौऱ्याऐंशीला अडले ते नसेमुळे नव्हे, शाळेपासून तिथेच अडते.

दोन तास बर्फ लावून बसवलं, संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी गळा आधीपेक्षा मोठा! ह्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर ‘पैसे गेले’ स्पष्ट लिहिलं होतं. निळा डाग आधी मानेवर होता, मग पिवळा होत होत गळ्याखालच्या हाडापर्यंत उतरला. पाच दिवसांनी शाळेत गेले. आवाज थोडा जड होता, आठवड्यात पूर्ववत झाला.

आता आकडे. महिन्यानं १०.९ मिलि, तीन महिन्यांनी ८.१, सहा महिन्यांनी ६.१. म्हणजे बासष्ट टक्के कमी. पण लांबी बघा, ४.२ वरून ३.१, जेमतेम पाव भाग. रिपोर्टमधला एकच आकडा वाचणाऱ्या माझ्या दिराला म्हणूनच वाटलं की काहीच झालं नाही. तिन्ही बाजूंनी थोडं थोडं आटलं की गुणाकारात फार फरक पडतो. गळ्याला तो फरक कळतो: भाकरी आता कोरडी उतरते. टीएसएच २.४, गोळी नाही.

पैशांचं सांगते. सव्वा लाखाच्या आसपास, त्यातला मोठा भाग एकदाच वापरायच्या त्या सुईचा. विमावाल्यांनी दोनदा विचारलं, हे सौंदर्यासाठी आहे का? घास अडकत होता याचं पत्र डॉक्टरांकडून आणलं तेव्हा मंजूर झालं, तेही सुईचे बरेचसे पैसे कापून. हे पत्र आधीच मागून ठेवा.

दुसरी तक्रार: ‘पुन्हा वाढू शकते’ हे मला आधी ठळकपणे कुणी सांगितलं नाही. आवाजाच्या नसेलगतची कड मुद्दाम सोडतात, आणि तिथून काही वर्षांनी गाठ वाढली तर पुन्हा करावं लागू शकतं. हे माहीत असतं तरी मी हेच केलं असतं, पण माहीत असायला हवं होतं. गाठ छोटी, त्रास नाही, नुसती तपासणीत सापडली, असं असेल तर मी यातलं काहीच करणार नाही. नियमित सोनोग्राफी करत राहीन.

आणि फेब्रुवारीतली गोष्ट. तीन महिन्यांची सोनोग्राफी रजा वाचवायला इथेच केली, जुने कागद न नेता. तपासणाऱ्या डॉक्टर एकदम गप्प झाल्या, प्रोब पुन:पुन्हा त्याच जागी. रिपोर्टात ‘टायरॅड्स ५’, म्हणजे सोनोग्राफीवरून गाठीला देतात त्या श्रेणीत सगळ्यात संशयास्पद, एफएनएसी करा. दोन रात्री झोप नाही. पुण्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, जळलेली गाठ आटताना अशीच दिसते, काळी, वेड्यावाकड्या कडेची. आधी आरएफए झालंय हे सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. मला विचारलंही नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठुशी घातली होती, दोरा जरा सैल ठेवून. मे महिन्यात नेहमीच्या जागी आला. पुढची सोनोग्राफी नोव्हेंबरात. डिस्चार्ज कार्डाच्या तीन झेरॉक्स काढल्यात, एक पर्समध्येच असते.