उघड्या फळ्यांवरची सजावट : दिवाळी ते पोळा, दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीआधी बैठकीच्या भिंतीवर सागवानाच्या तीन उघड्या फळ्या बसवल्या. ४ फूट लांब, ९ इंच रुंद, १ इंच जाड. जुन्या मातीच्या घरात भिंतीतच कोनाडे होते. स्लॅबचं घर झालं आणि ते गेले. त्यांची उणीव मला फार जाणवायची. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, घराला लागूनच वावर. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून वं, दार नाही, काच नाही, पुसन कोण?"

खरा प्रश्न तोच निघाला.

धुळीची भीती होती, पण आधी आला कापूस. वेचणी सुरू झाली की विकेपर्यंत ढीग शेजारच्या खोलीत असतो आणि त्याचे बारीक तंतू घरभर उडतात. विणलेली टोपली, सुतळीचं तोरण, वाळलेली फुलं, सगळ्यांत ते अडकले. झटकून निघेनात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी या तिन्ही वस्तू मी उतरवल्या, त्या परत चढवल्या नाहीत. ज्या घरात कापूस येतो, तिथे उघड्या फळीवर गुळगुळीत वस्तूच ठेवाव्यात, हे माझं ठाम मत आहे.

सगळ्यात सोपी ठरली ती भद्रावतीची चकाकीची मातीची भांडी. ओलं फडकं एकदा फिरवलं की झालं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, वावरातली माती दारातून आत येत होती, तेव्हाही त्यांना दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

पितळेचं मात्र वेगळं. सासूबाईंच्या माहेराहून, भंडाऱ्याहून आलेला गुंड (पाण्याचं मोठं भांडं), कोपर (परातीसारखं पसरट भांडं) आणि दोन गडवे (तांबे) मी हौसेनं मांडले होते. पावसाळा लागला आणि पंधरा दिवसांत सगळं काळवंडलं. पितळेत तांबं असतं, ओलसर हवेत त्यावर थर चढतोच. चिंच आणि मीठ लावून घासलं की लख्ख होतं, पण धुऊन लगेच कोरडं पुसायला हवं; नक्षीत चिंच राहिली तर तिथेच हिरवट डाग धरतो. चारही भांडी दर आठवड्याला घासणं मला जमेना. शेवटी गुंड आणि कोपर तसेच तपकिरी राहू दिले, फक्त गडवे चमकवते. काळसर गुंडापुढे तो पिवळा गडवा आता जास्त उठून दिसतो. चारही चमकत होती तेव्हा नजर कशावरच ठरत नव्हती.

बांबूच्या तबकाखाली आषाढात पिवळी भुकटी दिसली. भुंगा लागला होता. बांबूत पिष्ट असतं, त्यावर तो जगतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू टिकतो. घेताना बुरडाला हे विचारायला हवं होतं. तबक लगेच बाहेर काढलं, सागाला काही झालं नाही.

फळीबद्दल एकच तक्रार, तीही बसवणाऱ्याची. दोन टोकांना दोनच लोखंडी ब्रॅकेट दिले होते. मधल्या फळीवर पुस्तकं होती, ती वाकली. मध्ये तिसरा लावून घेतला.

सुरुवातीला १९ वस्तू होत्या, आता ७ आहेत. उंच मागे, बुटकी पुढे, आणि दोन गटांमध्ये वीतभर मोकळी जागा. ती जागा भरायचा मोह खूप होतो, पण फडकं फिरतं ते तिथूनच.

वरच्या फळीवर आजेसासऱ्यांनी केलेला लाकडी नंदी आहे. पूर्वी तो पेटीत असायचा, पोळ्याला सापडायचाही नाही. यंदा तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी फिरवतात त्या सणाच्या, सकाळी मुलानं स्वतःच स्टूल लावून तो उतरवला, शिंगांना बेगड चिकटवली आणि दारोदार फिरवून बोजारा (मुलांना मिळणारे पैसे, खाऊ) घेऊन आला. संध्याकाळी सासूबाईंनी पदरानं नंदीची चाकं पुसली आणि त्याला परत त्याच जागी ठेवलं.