स्पेनचं स्पॅनिश की मेक्सिकोचं? क्रियापदांच्या बाजूने पाहिलं तर

स्पॅनिश शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात रूपांचा तक्ता समोर येतो: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. बोलतो, बोलतोस, बोलतो, बोलतो, बोलता, बोलतात. पाढ्यासारखं घोकायला लागण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: स्पेनचं स्पॅनिश धरायचं की लॅटिन अमेरिकेचं? उच्चारातला फरक सगळेच सांगतात. रोजच्या बोलण्यात खरी अडचण होते ती क्रियापदांच्या फरकाने.

तक्त्यातलं पाचवं रूप, आब्लाइस, स्पेनमध्येच लागतं. तिथे मित्रांच्या घोळक्याला ‘बोसोत्रोस’ म्हणतात आणि मान द्यायचा असेल तर ‘उस्तेदेस’. अटलांटिकपलीकडे सगळ्यांना सरसकट ‘उस्तेदेस’, आणि त्याला ‘ते’चंच रूप चालतं: आब्लान. आपल्या ‘तुम्ही’सारखंच हे. चार पोरांनाही तुम्ही, चार आजोबांनाही तुम्ही. म्हणजे लॅटिन अमेरिका निवडली की प्रत्येक काळात ६ ऐवजी ५ रूपं पाठ करायची.

खरा प्रश्न भूतकाळाचा. माद्रिदमध्ये आज घडलेल्या गोष्टीला जोड-भूतकाळ वापरतात: ‘ओइ ए कोमिदो’, आज जेवले आहे. कालच्या गोष्टीला साधा: ‘आयेर कोमी’, काल जेवले. मेक्सिकोत आज असो की काल, काम झालं की ‘कोमी’. दुपारी मैत्रीण विचारते, ‘या कोमिस्ते?’ आपण विचारतो, ‘जेवलीस का?’ अगदी तेच. माद्रिदची मैत्रीण त्याच वेळी ‘या आस कोमिदो?’ म्हणेल, म्हणजे ‘जेवली आहेस का?’ मराठी कानाला मेक्सिकोची पद्धत जवळची वाटते, यात मला शंका नाही.

पण बनवायला सोपा स्पेनचा. ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन एवढी ६ रूपं पाठ केली आणि क्रियापदाला ‘आदो’ किंवा ‘इदो’ लावलं की झालं. एचो (केलेलं), दिचो (म्हटलेलं), बिस्तो (पाहिलेलं) अशी थोडीच रूपं वाकडी. साध्या भूतकाळात मात्र नेमकी रोजची क्रियापदंच वाकडी आहेत: तेनेरचं (जवळ असणं) तुवे, पोनेरचं (ठेवणं) पुसे, देसिरचं (म्हणणं) दिहे. ‘फुई’ तर ‘गेले’ही आणि ‘होते’ही. सुरुवातीचे दोन महिने स्पेनवाल्यांचे सुखात जातात, मेक्सिकोवाल्यांचे घामात.

मी स्पेनचं पुस्तक घेऊन शिकले आणि काम पडलं मेक्सिकोच्या लोकांशी. माझं बोलणं त्यांना कळायचं, पण फोनवर त्यांचा साधा भूतकाळ मला झटकन पकडता येत नव्हता. शिवाय तिथेही जोड-भूतकाळ सोडून चालत नाही. ‘एल पागो नो आ येगादो’ म्हणजे पैसे अजून आलेले नाहीत, वाट बघतोय. ‘नो येगो’ म्हणजे आलेच नाहीत, विषय संपला. हा फरक कळल्यावर माझ्या ईमेलांचा सूरच बदलला.

अर्जेंटिनाचा रस्ता तिसरा. तिथे ‘तू’ ऐवजी ‘बोस’, आणि रूपं सरळ: प्वेदेसचं (तू शकतोस) पोदेस, त्येनेसचं (तुझ्याकडे आहे) तेनेस. सुंदर आहे, पण तिथे जाणार असाल तरच यापासून सुरुवात करा.

बाकी बरंचसं दोन्हीकडे सारखं, आणि तिथे मराठी आपल्याला हात देते. ‘लहानपणी आम्ही मे महिन्यात गावी जायचो’ यातलं ‘जायचो’ म्हणजे इबामोस. ‘गेल्या मेमध्ये गेलो’ यातलं ‘गेलो’ म्हणजे फुइमोस. इंग्रजीतून शिकलं तर दोन्ही ठिकाणी ‘वेन्ट’ चालून जातं आणि घोळ सुरू होतो. मराठीतून विचार करा. ‘जायचो’ किंवा ‘जात होतो’ आलं की बहुतेक वेळा इबामोसच. या काळात वाकडी क्रियापदं अवघी ३: सेर (असणं), इर (जाणं) आणि बेर (पाहणं). इच्छार्थाचंही तसंच. ‘क्येरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. ज्याला ‘यावंस’ म्हणता येतं त्याने ‘बेंगास’ला घाबरायचं कारण नाही.

परीक्षेची चिंता नको. सेर्वांतेस संस्थेच्या डेले परीक्षेत कुठल्याही देशाचं स्पॅनिश चालतं. फक्त एकच धरून ठेवा.

स्पेनमध्ये शिकायला किंवा राहायला जाणार असाल तर बोसोत्रोससकट ६ रूपं पहिल्या दिवसापासून घ्या, कारण तिथे वर्गात शेजारी बसणारा मुलगा तुम्हा सगळ्यांना बोसोत्रोसच म्हणेल. बाकी कोणालाही मी मेक्सिकोची वाट सांगेन. ‘आब्लाइस’ वाचताना ओळखता आलं तरी पुरे. तो वेळ तुवे, पुसे, दिहे तोंडात बसवायला द्या.