मोठी परिषद की छोटी कार्यशाळा? आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा पेपर कुठे न्यावा

पेपर अर्धामुर्धा तयार आहे आणि पैसे, रजा सगळं मिळून प्रवास एकच जमणार आहे, अशांसाठी हे लिहितोय. दोन्हीकडे जाऊन आलोय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण तुमची गरज वेगळी असू शकते.

मोठ्या परिषदाही सगळ्या एकाच घडणीच्या नसतात. अमेरिकन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ १९०६ सालची. तिची वार्षिक सभा सहसा वसंतात, वॉशिंग्टनला भरते. तिथे प्रामुख्याने अख्ख्या सत्राची कल्पना मागवतात, त्यामुळे एकट्याने पेपर घेऊन जाणाऱ्याची थोडी अडचणच. युरोपियन सोसायटी २००४ची. तिची परिषद दरवर्षी नव्या शहरात असते (२०२३ला एक्स-आं-प्रोव्हान्स, २०२४ला विल्नियस, २०२५ला बर्लिन) आणि तिथे एकेका पेपरचा सारांश पाठवता येतो. फक्त तो कित्येक महिने आधी द्यावा लागतो. हवामानबदलावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लादायी मत २३ जुलै २०२५ला आलं, तोवर सप्टेंबरच्या परिषदांचे सारांश केव्हाच ठरून गेले होते. कार्यशाळेत असा ताजा धक्का पचवायला निदान मसुदा बदलता येतो.

ओळखी व्हायच्या असतील तर मात्र मोठ्या परिषदेला तोड नाही. संपादक, प्रकाशक आणि ज्यांना आपण तळटिपांतूनच ओळखतो ती माणसं चहाच्या रांगेत भेटतात. सगळं क्षेत्र सध्या कशावर बोलतंय याचा अंदाज तिथे दोन दिवसांत येतो.

माझं बिनसलं ते प्रश्नोत्तरांवर. एका मोठ्या परिषदेत (नाव कशाला घ्या) समुद्रपातळी वाढल्यावर किनारी राष्ट्रांच्या आधाररेषांचं (किनाऱ्यालगतच्या ज्या रेषेपासून सागरी क्षेत्रं मोजतात तिचं) काय होतं, यावर मी बोललो. चार वक्ते, प्रत्येकाची पंधरा मिनिटं, त्यात पहिल्याने पंचवीस घेतली. मग अध्यक्षांचं ठरलेलं वाक्य आलं: "आपण तीन-तीन प्रश्न एकत्र घेऊ." पहिला प्रश्न म्हणजे छोटं भाषणच होतं. दुसरा शेजारच्या पेपरवर. तिसरा माझ्यासाठी, आणि नेमका वर्मावर बोट ठेवणारा: आधाररेषांचे नकाशे अद्ययावत करायचं बंधन नाही असं न्यायालय त्या सल्लादायी मतात म्हणतं, ते ठीक, पण ज्या राष्ट्राने नकाशे आजवर कुठे जमाच केलेले नाहीत, त्याची रेषा कशाच्या आधारावर स्थिर धरायची? माईक माझ्यापर्यंत पोचला तेव्हा अध्यक्ष घड्याळ दाखवत होते. विचारणाऱ्या बाई तोवर पुढच्या सत्राला निघून गेल्या होत्या. हे अपवादाने घडतं म्हणावं, तर बहुतेक सत्रांत मी हाच प्रकार पाहिला.

कार्यशाळेत हाच पेपर आधी सगळ्यांकडे गेला होता. मी पाचच मिनिटं बोललो, मग भाष्यकाराने (पेपर आधी वाचून त्यावर बोलायला नेमलेल्याने) तो माझ्यापेक्षा नीट मांडला आणि तितक्याच नीट उसवला. जमा न केलेल्या नकाशांचा मुद्दा तिथेही निघाला, पण अर्धा तास चालला. पेपरचा तिसरा भाग मी त्यानंतर नव्याने लिहिला.

या विषयात छोट्या गटांचा इतिहासही बोलका आहे. इंटरनॅशनल लॉ असोसिएशनने समुद्रपातळीवर समिती नेमली २०१२ला. एकदा योग्य रीतीने ठरवलेली सागरी क्षेत्रं किनारा सरकला म्हणून पुन्हा मोजायला नकोत, हा ठराव आला २०१८च्या सिडनी परिषदेत. म्हणजे मोठ्या परिषदेत शिक्कामोर्तब झालं, काम समितीने केलं. न्यायालयाचं २०२५चं मत त्याच दिशेचं आहे.

कार्यशाळेची उणी बाजूही आहे. बायोडेटावर ती तितकी उठून दिसत नाही, आणि सगळे एकाच विचाराचे जमले तर ती नुसती मान डोलावण्याची बैठक होते. पीएचडीचं पहिलं वर्ष असेल आणि कुणाशीच ओळख नसेल, तर बहुधा मोठी परिषदच बरी. मधली वाटही आहे: युरोपियन सोसायटीचे अभ्यासगट परिषदेच्या आदल्या दिवशी आपापल्या कार्यशाळा घेतात, एका तिकिटात दोन्ही साधतं.

निवड करताना मी आता पेपर मागवणाऱ्या आवाहनात एकच गोष्ट पाहतो: पूर्ण मसुदा पाठवायची तारीख दिली आहे का. नसेल, तर मसुदे आधी वाचले जाणार आहेत का, असं आयोजकांना सरळ पत्र लिहून विचारतो. उत्तर गुळमुळीत आलं की प्रवासाचे पैसे तसेच ठेवतो.