केअर व्हिसाच्या नावाखाली ८,२८५ पौंड आणि ७ लाख ८ हजार रुपये गेले: यूकेत ग्रॅज्युएट व्हिसावर असाल तर वाचा

यूकेत वृद्ध-आजारी माणसांच्या देखभालीच्या नोकरीचा, म्हणजे केअरचा, व्हिसा काढून देतो म्हणून एका एजंटने मला फसवलं. आधी आकडे, कारण 'किती गेले गं?' हे सगळ्यांनी विचारून झालंय. सीओएसचे, म्हणजे 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' या व्हिसासाठी मालकाने द्यायच्या दाखल्याचे, ११,००० पौंड ठरले होते. त्यातले ५,००० माझ्या इथल्या खात्यातून गेले आणि उरलेल्या ६,००० चे ११५ च्या भावाने ६,९०,००० रुपये बाबांनी पुण्याहून आरटीजीएस केले. आयएचएस सरचार्ज (व्हिसासोबत भरायचा सरकारी आरोग्यसेवेचा आकार) म्हणून ३,१०५ पौंड. एन्हान्स्ड डीबीएसचे (इथल्या गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीचे) १८० पौंड. भारतातल्या पीसीसीचे (पोलीस दाखल्याचे) १८,००० रुपये. पैसे घेणारा एजंट मराठी, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला, 'ताई, टेन्शन नका घेऊ' हे पालुपद असलेला. आता फोन बंद.

सीओएसचा धंदा कसा चालतो ते इथल्या कुठल्याही शेअरिंगच्या घरात विचारा, भाव सांगतील. त्यामुळे 'विकत घ्यायला गेलीसच कशाला' हे ऐकवणाऱ्यांनी जरा थांबावं. मला कुणी 'विकत' असा शब्द वापरून काही दिलं नव्हतं. कंपनीचा लायसन्सचा (परदेशी कामगार ठेवण्याच्या परवान्याचा) खर्च, स्किल्स चार्ज (परदेशी कामगारामागे मालकाने सरकारला भरायचा आकार), वकिलाची फी अशी फोड करून दिली होती, लेटरहेडवर. ही फोडच खोटी. सीओएसची सरकारी फी २०२५ मध्ये ५२५ पौंड होती आणि ती मालकाने भरायची असते. स्किल्स चार्ज कामगाराकडून कधीच घेता येत नव्हता. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर लायसन्स आणि सीओएसची फी कामगाराच्या माथी मारली तरी मालकाचं लायसन्स जाऊ शकतं. म्हणजे हे पैसे मागणारा एकतर भामटा, नाहीतर लवकरच लायसन्स गमावणारा. दुसऱ्या प्रकारात व्हिसा मिळाला तरी लायसन्स रद्द झाल्यावर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर (व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक) शोधा किंवा देश सोडा.

त्याने वेळही अचूक साधली. १ जुलै २०२५ ला नवे नियम मांडले गेले, २२ जुलैपासून लागू. केअर वर्करची परदेशातून भरती बंद, बाकीच्या बहुतेक नोकऱ्यांना पदवीची पातळी आणि ४१,७०० पौंड पगाराची अट. माझा ग्रॅज्युएट व्हिसा (इथलं शिक्षण झाल्यावर नोकरीसाठी मिळणारा) संपत आलेला. 'ताई, २२ च्या आत सीओएस पडला पाहिजे, नंतर कायमचं बंद.' २२ तारीख उलटली, कागद आला नाही. मग सूर बदलला: 'देशात असलेल्यांना २०२८ पर्यंत सवलत आहे, गव्हर्नमेंटच्या साइटवर वाचा.' वाचलं. होती! यूकेत राहूनच केअरच्या व्हिसावर स्विच करायची, म्हणजे व्हिसा बदलायची, मुभा २२ जुलै २०२८ पर्यंत खरंच आहे. मात्र त्याच मालकाकडे किमान तीन महिने कायदेशीर काम झालेलं असलं पाहिजे, ही पुढची ओळ त्याने गाळली आणि माझे डोळेही तारखेवरच थांबले. ग्रॅज्युएट व्हिसावर केअर होममध्ये काम करायला आडकाठी नसते. खरा मालक असता तर आधी कामावर ठेवलं असतं, पगाराची स्लिप दिली असती. इथे मी त्या होमची पायरीही चढले नव्हते.

पण अजून जिवाला लागतंय ते सरचार्जचं. १,०३५ पौंड वर्षाला, तीन वर्षांचे ३,१०५. हिशेब पेनीपर्यंत बरोबर, म्हणूनच पटला. पण हेल्थ अँड केअर व्हिसाला आयएचएस माफ आहे. पूर्ण माफ. आणि ज्या व्हिसांना लागतो, तिथेही तो अर्जदार स्वतः अर्ज भरताना सरकारी साइटवर भरतो आणि लगेच आयएचएसचा नंबर हातात येतो. एजंटच्या खात्यातून तो कुणी भरत नाही. मी अकाउंट्समध्ये काम करते, बिलाशिवाय कुणाला २० पौंड सोडत नाही, आणि हे ३,१०५ रात्री साडेअकराला एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले. का? तोवर ५,००० गेले होते आणि ते वाचवायचे होते. बहुतेक जण इथेच अडकतात, बाहेरून बघणाऱ्याला ते कळणार नाही.

शेवटी पीडीएफ आला. केअर होम खरं, लोगो खरा, पत्ता खरा. सर्टिफिकेटच्या प्रकारापुढे लिहिलं होतं 'डिफाइन्ड'. डिफाइन्ड सीओएस देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी असतो, देशात राहून स्विच करणाऱ्याला 'अनडिफाइन्ड' लागतो. त्याखाली पगार: २३,२०० पौंड. ती जुनी किमान रक्कम. ९ एप्रिल २०२५ पासून ती २५,००० आणि ताशी १२.८२ पौंड झाली होती. भामट्याने जुना नमुना अपडेट करायचे कष्टही घेतले नव्हते.

सीओएस नंबर कामगाराला तपासता येईल अशी सोय सरकारने केलेली नाही, हा संतापाचा वेगळा विषय. म्हणून आडून तपासा. लायसन्सधारक स्पॉन्सरची यादी सरकारी साइटवर फुकट आहे. पण यादीत नाव आहे म्हणजे काम झालं असं नाही, भामटे तिथूनच नावं उचलतात. इंग्लंडमधलं केअर होम सीक्यूसीकडे (केअर सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेलं असावंच लागतं. त्या पानावर रजिस्टर्ड मॅनेजरचं नाव असतं, तिथल्याच नंबरवर फोन करा, एजंटने दिलेल्या नाही. मी केला, पण पैसे गेल्यावर. पलीकडची बाई म्हणाली, असं विचारणारा या महिन्यातला हा तिसरा फोन. ईमेलचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. माझ्याकडे आलेल्यात शेवटी नुसतं 'डॉट को' होतं, पुढचं 'यूके' गायब. सल्ला देणाऱ्याचं नाव इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीच्या (व्हिसा-सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरमध्ये नसेल आणि तो सॉलिसिटर-बॅरिस्टरसारखा मान्यताप्राप्त वकीलही नसेल, तर पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला देणं हाच इथे गुन्हा आहे.

पोलीस पडताळणीतही असाच चुना. अशा नोकरीसाठीचा एन्हान्स्ड डीबीएस आपण स्वतः काढायचा नसतो, मालकाच्या मार्फत निघतो, सरकारी फी २०२५ मध्ये ४९.५० पौंड होती. आणि केअरच्या कामाला परदेशातला पोलीस दाखला देशाबाहेरून अर्ज करणाऱ्याला लागतो, इथून स्विच करणाऱ्याला नाही. पासपोर्ट सेवेत पीसीसीची फी ५०० रुपये आहे. मी न लागणाऱ्या कागदाचे १८,००० मोजले.

आता यंत्रणा. इथल्या पोलिसांना फोन केला तर 'ऑनलाइन नोंदवा'. ऑनलाइन नोंदवलं तर एक नंबर आणि 'तपासासाठी पुरेसा दुवा नाही' असं छापील पत्र. दुवा नाही? खात्याचा नंबर, सॉर्ट कोड, नाव, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज, सगळं दिलं होतं! बँक म्हणाली, हा तुमचा आणि त्याचा खाजगी व्यवहार. पुण्यात बाबांना एका पोलीस ठाण्याने सायबरकडे पाठवलं, सायबरने आर्थिक गुन्ह्यांकडे, तिथून उत्तर, 'घटना लंडनची आहे, काका.' काकांचे पैसे पुण्याच्या बँकेतून पुण्याच्या खात्यात गेलेत, यात लंडन कुठे आलं? हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ पुढे करा: हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ईमेलने दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. बाबांनी कलमाची प्रिंट नेली तेव्हा कुठे खुर्ची मिळाली.

बँकेचा नकारही ऐकून घेऊ नका. ७ ऑक्टोबर २०२४ पासून यूकेतल्या दोन खात्यांमध्ये फास्टर पेमेंटने (लगेच पोचणाऱ्या ऑनलाइन ट्रान्सफरने) फसवून घेतलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत बँकेने परत करायचे असतात, जास्तीत जास्त १०० पौंड कापून. दावा शेवटच्या पेमेंटपासून १३ महिन्यांच्या आत हवा. बँकेने अंतिम नकार दिला की सहा महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जा, त्याला फी नाही. माझं प्रकरण तिथे आहे. भारतात पाठवलेल्या रुपयांना हा नियम लागू नाही, आणि एजंट अर्धी रक्कम रुपयांत मागतात त्यामागे हेही एक कारण असणार.

निदान एका गोष्टीतून सुटले: तो पीडीएफ लावून अर्ज सबमिट झाला नव्हता. खोटा कागद अर्जाला जोडला गेला असता आणि फसवणुकीचा शिक्का बसला असता, तर दहा वर्षांची बंदी माझ्या नावावर लागली असती, त्याच्या नाही. तुमचा अर्ज एजंटच्या लॉगिनमधून भरला जात असेल तर आज रात्रीच ईमेल आणि पासवर्ड बदलून ताब्यात घ्या, आणि आत काय काय अपलोड केलंय ते एकेक उघडून बघा.